वसई-विरारच्या कॉलेजात निर्णय कोण घेतं? ट्रस्टी, प्रिन्सिपल की सर-मॅडम?

बारावीचा निकाल लागला की वसई-विरारमध्ये एकच चर्चा. वर्तकला मिळेल का, गोन्सालो गार्सियाला ट्राय करायचं का, की विरारला विवामध्येच घ्यायची अ‍ॅडमिशन? कॉलेज घराजवळ मिळालं तर रोज अंधेरी-चर्चगेटची गर्दी टळते, हा हिशोब घरोघरी होतो. कोर्स कुठला, फी किती, कॅन्टीन कसं, फेस्ट कसा, याची चौकशी होते. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

या कॉलेजात निर्णय नेमके कोण घेतं?

नवीन कोर्स सुरू करायचा, एखाद्या विभागात जागा वाढवून मागायच्या, बजेटमधले पैसे लायब्ररीवर खर्च करायचे की ऑडिटोरियमवर, वर्षाचं वेळापत्रक कसं ठेवायचं, हे कुठल्या खोलीत ठरतं? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘संस्थेचे लोक ठरवतात.’ कुणी म्हणतं, ‘प्रिन्सिपल सर.’ दोन्ही उत्तरं अर्धीच बरोबर आहेत. कायद्यानुसार त्या खोलीत तुमच्या सर-मॅडमसाठी खुर्च्या ठेवलेल्या आहेत. ऑफिसमधल्या कर्मचाऱ्यांसाठी एक आहे. आणि विद्यार्थ्यांसाठीही दोन आहेत.

या खुर्च्या कुठल्या, त्या कुणाला मिळतात, त्यांच्यासोबत कुठल्या जबाबदाऱ्या येतात आणि त्या रिकाम्या राहिल्या तर नुकसान कुणाचं होतं, हे एकेक करून पाहू.

आधी कारभाराचे तीन मजले समजून घ्या

वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. इथली बहुतेक पारंपरिक कॉलेजं मात्र मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. १८५७ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाची हद्द मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि थेट सिंधुदुर्गापर्यंत जाते.

कॉलेजचा कारभार तीन मजल्यांवर चालतो असं समजा.

तळमजल्यावर असते संस्था, म्हणजे ट्रस्ट किंवा सोसायटी. जागा, इमारत, पैसा आणि नेमणुका यात तिचा शब्द मोठा असतो.

पहिल्या मजल्यावर विद्यापीठ. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी आणि प्राध्यापकांच्या नेमणुकीला मान्यता हे काम त्यांचं. कॉलेजला स्वायत्त दर्जा असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षेतला बराच भाग कॉलेजकडे येतो, पण पदवी विद्यापीठाचीच राहते.

दुसऱ्या मजल्यावर राज्य सरकार आणि यूजीसी. अनुदानित जागांचे पगार सरकार देतं. प्राध्यापक व्हायला पात्रता काय लागते, आठवड्याला किती तास शिकवायचं, हे नियम यूजीसी ठरवतं.

आता प्रश्न असा की या तिन्ही मजल्यांवर, जो माणूस प्रत्यक्ष वर्गात उभा राहून शिकवतो, त्याचं म्हणणं ऐकायची सोय आहे का?

आहे. ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ या कायद्यात आहे. १ मार्च २०१७ पासून तो लागू झाला आणि त्याने १९९४ चा जुना कायदा बाजूला केला.

सीडीसी : पंधरा खुर्च्यांची समिती

या कायद्याचं कलम ९७ सांगतं की प्रत्येक कॉलेजात एक ‘महाविद्यालय विकास समिती’ असली पाहिजे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तिला सगळे ‘सीडीसी’ म्हणतात. जुन्या कायद्यात अशीच एक स्थानिक व्यवस्थापन समिती होती, तिला ‘एलएमसी’ म्हणायचे. तुमच्या आधीच्या पिढीतल्या कुणी कॉलेजात नोकरी केली असेल तर त्यांना एलएमसी हा शब्द चटकन आठवेल.

या समितीत कोण कोण असतं?

– संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती. हेच समितीचे अध्यक्ष.
– संस्थेचे सचिव किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती.
– प्रिन्सिपलने नेमलेला एक विभागप्रमुख.
– पूर्णवेळ प्राध्यापकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन प्राध्यापक. त्यात किमान एक महिला हवीच.
– शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला एक कर्मचारी.
– शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य. यांना प्रिन्सिपलशी चर्चा करून संस्था नेमते. यातला किमान एक माजी विद्यार्थी हवा.
– कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक. म्हणजे आयक्यूएसीचं काम बघणारे सर किंवा मॅडम.
– विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव.
– प्रिन्सिपल. हे समितीचे सदस्य-सचिव.

मोजून बघा, एकूण १५ होतात.

आता जरा गणित करू. संस्थेचे दोन आणि संस्थेने नेमलेले चार स्थानिक सदस्य मिळून सहा. निवडून आलेले प्राध्यापक तीन. विभागप्रमुख आणि आयक्यूएसी समन्वयक धरले तर शिकवणारे पाच. कर्मचारी एक, विद्यार्थी दोन, प्रिन्सिपल एक. पंधरा जणांत बहुमताला आठ लागतात. म्हणजे कागदावर तरी कुठलीच एक बाजू एकटीच्या बळावर ठराव रेटू शकत नाही. संस्थेला कुणाला तरी पटवून द्यावं लागतं. प्राध्यापकांनाही तसंच.

यालाच जगभरात ‘सामायिक कारभार’ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर घर एकाच्या नावावर असलं तरी घरातले मोठे निर्णय सगळ्यांना बसवून घ्यायचे.

ही समिती करते काय?

वर्षातून किमान चार वेळा तिची बैठक व्हावी, असं कायदा सांगतो. कॉलेजचा विकास आराखडा तयार करणं, शैक्षणिक कॅलेंडर ठरवणं, वार्षिक बजेट आणि जमाखर्चाची पत्रकं बनवून संस्थेकडे शिफारस करणं ही तिची कामं आहेत. नवे कोर्स आणि प्राध्यापकांची नवी पदं यांचीही शिफारस ती करते. कॉलेजात विनाअनुदानित म्हणजे सेल्फ-फायनान्स कोर्स असतील तर त्यांचा आढावा घेणं तिच्याकडे आहे. नॅकचा अहवाल, ऑडिट, विद्यार्थ्यांची सुरक्षितता आणि शिस्त, कर्मचारी आणि विद्यार्थी कल्याण, हे विषयही तिच्यासमोर येतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पैशांच्या आणि पदांच्या बाबतीत सीडीसी ‘शिफारस’ करते. शेवटची सही संस्थेची असते. पण शिफारस लेखी असते, बैठकीच्या इतिवृत्तात नोंदली जाते. ‘लॅबमधली उपकरणं जुनी झाली आहेत, नवीन घ्या’ असं स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणणं वेगळं आणि ते सीडीसीच्या इतिवृत्तात येणं वेगळं. पुढे नॅकची टीम आली किंवा विद्यापीठाची समिती तपासणीला आली, की हा कागद बोलतो.

कॉलेजच्या पलीकडे, विद्यापीठातही आवाज

सीडीसी झाली कॉलेजपुरती. पण अभ्यासक्रम आणि परीक्षा तर फोर्ट आणि कलिनाहून ठरतात. तिथे वसईच्या किंवा विरारच्या प्राध्यापकाचं काय?

तिथे चार दारं आहेत.

पहिलं, अधिसभा म्हणजे सिनेट. विद्यापीठाचं बजेट, वार्षिक अहवाल आणि हिशोब इथे येतात. संलग्न कॉलेजांमधले प्राध्यापक आपल्यातून १० जणांना सिनेटवर निवडून देतात. त्यातल्या पाच जागा राखीव असतात. याशिवाय १० प्राचार्य, संस्थांचे ६ प्रतिनिधी आणि नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधीही निवडून येतात.

दुसरं, व्यवस्थापन परिषद. ही विद्यापीठाची कॅबिनेटच समजा. सिनेट तिथे दोन प्राध्यापक निवडून पाठवते.

तिसरं, विद्या परिषद. शिक्षणाचा दर्जा, अभ्यासक्रम, परीक्षा या शैक्षणिक बाबींत सगळ्यात वजनदार संस्था. प्रत्येक विद्याशाखेतून दोन प्राध्यापक इथे निवडून जातात.

चौथं, अभ्यास मंडळं. तुमच्या अकाउंट्सच्या किंवा मराठीच्या पेपरात कुठलं प्रकरण असणार, कुठलं वगळणार, याची सुरुवात इथून होते. संलग्न कॉलेजांचे तीन विभागप्रमुख प्रत्येक मंडळावर निवडून येतात.

तुम्ही म्हणाल, सिनेट निवडणुकीची बातमी तर राजकारणाची असते. खरंय. पदवीधरांच्या १० जागांसाठीची मुंबई विद्यापीठाची निवडणूक २०२३ मध्ये ऐनवेळी लांबली, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शेवटी २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झालं. ठाकरे गटाच्या युवासेनेने दहाच्या दहा जागा जिंकल्या. २०१८ मध्येही युवासेनेने दहाही जागा घेतल्या होत्या. बातम्या त्याच झाल्या. पण त्याच सभागृहात प्राध्यापकांच्या १० जागा असतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

२०१७ : शिकवणाऱ्यांना विश्वासात न घेतल्याची किंमत

‘बरं, असू देत समित्या. आम्हाला काय फरक पडतो?’ असा प्रश्न पडला असेल तर २०१७ चा उन्हाळा आठवा.

त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने ठरवलं की उत्तरपत्रिका हातात घेऊन तपासायच्या नाहीत. त्या स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. पेपर गहाळ होणं थांबेल, बेरजेच्या चुका टळतील, निकाल लवकर लागेल, असा हिशोब होता.

घोळ झाला घाईत. छोट्या परीक्षेवर आधी प्रयोग करून बघण्याऐवजी ४७७ परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदमच या पद्धतीत टाकल्या गेल्या. प्राध्यापक संघटनांनी या घाईला आक्षेप घेतला होता. आणि वेळ कुठली होती बघा. नवा विद्यापीठ कायदा मार्च २०१७ मध्ये नुकताच लागू झाला होता आणि त्याखाली निवडून येणारी सिनेट अजून यायची होती. म्हणजे कुलगुरूंना जाहीरपणे प्रश्न विचारणारं निवडून आलेलं सभागृहच त्या वेळी जागेवर नव्हतं.

पुढे काय झालं ते त्या बॅचच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. स्कॅनिंग रखडलं, लॉगिन चालेना, पेपर सापडेनात. कायदा म्हणतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लावा. तत्कालीन राज्यपाल आणि कुलपती सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. पुढच्या शिक्षणाला अर्ज करणाऱ्यांचे हाल झाले. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं.

निवडून आलेली सिनेट असती तर हा घोळ नक्कीच टळला असता, असं कुणी ठामपणे म्हणू शकत नाही. पण जे लोक प्रत्यक्ष पेपर तपासतात त्यांना आधी विचारलं, त्यांच्या शंका कागदावर घेतल्या, तर ‘एकदम १७ लाख नको’ हे सांगणारं कुणीतरी टेबलावर असतं. प्राध्यापकांना कारभारात जागा का द्यायची, याचं हे सगळ्यात सरळ उत्तर आहे. तो त्यांचा मानपान नाही. चूक होण्याआधी ती दिसावी म्हणून केलेली ती सोय आहे.

हक्क आले, मग जबाबदाऱ्या?

इथे दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. खुर्ची मिळाली की काम वाढतं.

यूजीसीने १८ जुलै २०१८ ला काढलेल्या नियमांनुसार पूर्णवेळ प्राध्यापकाचं काम आठवड्याला किमान ४० तासांचं आहे, तेही वर्षातल्या ३० आठवड्यांसाठी, म्हणजे १८० शिकवण्याच्या दिवसांसाठी. रोज किमान पाच तास कॉलेजात उपलब्ध राहायचं. त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे तास असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ आणि असोसिएट प्रोफेसर किंवा प्रोफेसरला १४.

‘फक्त १६ तास?’ असं लगेच म्हणू नका. लेक्चरची तयारी, पेपर काढणं, तपासणं, विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट, संशोधन, परीक्षेचं सुपरव्हिजन, एनएसएस, अ‍ॅडमिशनची कामं, नॅकच्या फायली हे सगळं उरलेल्या तासांत बसवायचं असतं.

याच नियमांत प्राध्यापकांसाठी आचारसंहिताही आहे. आपल्या कामात अडथळा येईल अशी दुसरी नोकरी करायची नाही, खासगी ट्यूशन आणि कोचिंग क्लासही त्यात आले. जात, धर्म, राजकारण किंवा आर्थिक परिस्थिती बघून विद्यार्थ्यांमध्ये भेद करायचा नाही. स्टेशनबाहेर क्लासच्या बोर्डांची रांग असलेल्या वसई-विरारसारख्या ठिकाणी यातला ट्यूशनचा मुद्दा कुणाला वेगळा समजावून सांगायला नको.

परीक्षेच्या बाबतीत तर विद्यापीठ कायदा आणखी कडक आहे. परीक्षेच्या कामात मदत करणं प्रत्येक प्राध्यापकाला बंधनकारक आहे. ‘मी पेपर तपासणार नाही’ म्हटलं तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

आणि हक्क आणि जबाबदारी यांची टक्कर झाली तर?

ती झालीय. २०१३ मध्ये. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या प्राध्यापकांचा प्रश्न यासाठी राज्यातल्या प्राध्यापकांच्या ‘एमफुक्टो’ या महासंघाने ४ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मुंबईत ‘बुक्टू’ ही संघटना त्यात होती. ऐन परीक्षेच्या हंगामात राज्यभरातले विद्यार्थी टांगणीला लागले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि १० मे रोजी बहिष्कार मागे घेतला गेला. सरकारने प्राध्यापकांचा ७१ दिवसांचा पगार रोखला आणि तो वाद पुढे कोर्टात चालला.

मागण्या खऱ्या होत्या, असं प्राध्यापकांचं म्हणणं. आमच्या मुलांचं वर्ष का पणाला लावता, असं पालकांचं म्हणणं. दोन्ही आपापल्या जागी समजण्यासारखी. पण गाऱ्हाणं मांडायची दारं जिथे वेळेवर उघडत नाहीत, तिथे शेवटी भार विद्यार्थ्याच्याच अंगावर येतो, हे या तीन महिन्यांत सगळ्यांना दिसलं.

बोललो म्हणून नोकरी गेली तर?

कारभारात बोलायचा हक्क दिला, पण बोलल्यावर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं, तर त्या हक्काला अर्थ नाही. म्हणून कायद्यात तीही सोय आहे.

कॉलेजच्या प्राध्यापकाला किंवा कर्मचाऱ्याला बडतर्फ केलं, कामावरून काढलं किंवा पदावनत केलं, तर तो ‘विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणा’कडे अपील करू शकतो. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत हे अपील करावं लागतं. ही मुदत फार महत्त्वाची. संस्थेशी बोलून मिटेल, या आशेवर थांबलं तर हे दिवस कसे निघून जातात ते कळत नाही. बाकीच्या तक्रारींसाठी विद्यापीठात तक्रार निवारण समिती असते.

वसईसारख्या ठिकाणी लगेच पुढचा प्रश्न येतो, अल्पसंख्याक संस्थांचं काय? संविधानाच्या कलम ३० नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. पण ३१ ऑक्टोबर २००२ ला टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या हक्काची हद्दही सांगितली. संस्था कर्मचाऱ्यावर कारवाई करू शकते, पण त्या कर्मचाऱ्याला दाद मागायला न्यायाधिकरण असलं पाहिजे, असं कोर्टाने म्हटलं.

आता खरी अडचण : ज्यांना खुर्चीच नाही

इथपर्यंत वाचून वाटेल की कायदा चांगला आहे, मग प्रश्न कुठे आहे?

सीडीसीच्या यादीतला एक शब्द परत वाचा. तीन प्राध्यापक कोण निवडून देतं? ‘पूर्णवेळ’ प्राध्यापक.

आणि आज तुमच्या वर्गात शिकवायला येणाऱ्यांपैकी पूर्णवेळ किती आहेत?

अनुदानित जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, की त्या भरून काढायला ‘सीएचबी’ प्राध्यापक नेमले जातात. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, मराठीत तासिका तत्त्व. जितकी लेक्चरं घ्याल तितके पैसे. सुट्टी लागली की मीटर बंद. नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले अनेक जण असेच वर्षानुवर्षं शिकवतायत. काही जण एका कॉलेजातलं लेक्चर संपवून लोकल पकडून दुसऱ्या कॉलेजात जातात. बीएमएस, अकाउंटिंग अँड फायनान्स, आयटी अशा सेल्फ-फायनान्स कोर्समध्ये तर सरकारी पगाराच्या जागाच नसतात. तिथला पगार फीमधून निघतो.

जागा भरण्याचा वेग किती आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. २०१८ मध्ये राज्य सरकारने असिस्टंट प्रोफेसरच्या ३,५८० जागा भरायला परवानगी दिली. त्यातल्या १,४९२ भरल्या गेल्या. मग कोविड आला आणि भरती थांबली. उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा मंजुरी मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं. मधल्या काळात वर्ग तर भरतच होते. ते कुणी घेतले? तासिकेवरच्यांनी.

यूजीसीचे नियम सांगतात की कंत्राटी प्राध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांना नियमित असिस्टंट प्रोफेसरच्या एकूण मासिक पगाराइतका मोबदला मिळावा. पण तासिका तत्त्वावरची नेमणूक वेगळ्या नावाने होते, त्यामुळे ही मर्यादा तिथे लागत नाही. अतिथी प्राध्यापकांसाठी यूजीसीने २०१९ मध्ये दर लेक्चरला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असे दर सुचवले. प्रत्यक्षात तासिकेचे दर राज्य सरकार ठरवतं.

पैशांचा प्रश्न मोठा आहेच. पण कारभाराच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न आवाजाचा आहे. तासिकेवरच्या मॅडम पूर्णवेळ नाहीत, म्हणून सीडीसीच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही, हे संस्थेच्या हातात. अशा वेळी ‘एका वर्गात इतकी मुलं बसवू नका’ किंवा ‘हा कोर्स चालवायला लॅब पुरेशी नाही’ हे त्या कुणाला सांगणार? आणि सांगितलंच तर कशाच्या भरवशावर?

उलट बाजूने बघा. विभागात पूर्णवेळ एक किंवा दोनच प्राध्यापक उरले, तर सीडीसी, आयक्यूएसी, परीक्षा समिती, अभ्यास मंडळ, सगळीकडे तेच ते. प्रत्येक बैठकीला तीच माणसं, तीच दमलेली. मग समितीची बैठक म्हणजे आधीच तयार असलेल्या इतिवृत्तावर सही करण्याचा कार्यक्रम होऊन जातो.

विद्यार्थ्यांच्या दोन खुर्च्यांचीही गोष्ट वेगळी नाही. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका परत सुरू करण्याची तरतूद २०१६ च्या कायद्यात आली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. २०१९ मध्ये त्या होणार असं जाहीरही झालं. पण त्या लांबणीवर पडल्या आणि रखडतच राहिल्या. ज्या परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सीडीसीत बसायचे, तिची निवडणूकच होत नसेल तर त्या खुर्च्यांवर निवडून आलेला आवाज येणार कुठून?

जगात काय चालतं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. युनेस्कोने नोव्हेंबर १९९७ मध्ये उच्च शिक्षणातल्या शिक्षकांच्या दर्जाबद्दल एक शिफारस मंजूर केली. त्यात म्हटलंय की शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या संस्थांमध्ये बहुसंख्य प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्क शिक्षकांना असावा. त्याच शिफारशीत शिक्षकांच्या कर्तव्यांवरही वेगळा भाग आहे. अमेरिकेत प्राध्यापकांच्या संघटनेने १९६६ मध्ये विद्यापीठ कारभारावर एक निवेदन काढलं. पैसा आणि मालमत्तेची अंतिम जबाबदारी विश्वस्तांची, पण अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत आणि संशोधन यात पहिला शब्द प्राध्यापकांचा, अशी वाटणी त्यात सुचवलेली आहे.

आपल्या सीडीसीत पंधरापैकी तीन प्राध्यापक निवडून येतात. सीडीसी ही फक्त शैक्षणिक समिती नाही, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करता येणार नाही. पण अंतर किती आहे, याचा अंदाज येतो.

मग तुम्ही काय करू शकता?

तुम्ही विद्यार्थी असाल, पालक असाल किंवा माजी विद्यार्थी असाल, तर अ‍ॅडमिशन घेताना किंवा घेतल्यावर हे प्रश्न विचारता येतात.

१. कॉलेजची सीडीसी स्थापन झाली आहे का? सदस्यांची नावं कुठे लावली आहेत?

२. गेल्या वर्षी तिच्या किती बैठका झाल्या? कायद्यानुसार किमान चार व्हायला हव्यात. नॅकसाठी कॉलेजं वेबसाइटवर आयक्यूएसीचे अहवाल टाकतात. बऱ्याचदा सीडीसीची माहिती आणि इतिवृत्तंही तिथेच सापडतात.

३. मी ज्या कोर्सला जातोय तिथे पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिकेवर किती?

४. सीडीसीतला माजी विद्यार्थी कोण आहे? ही एक खुर्ची तुमच्यासाठीच आहे. माजी विद्यार्थी संघटना असेल तर तिथे जाऊन विचारा.

५. वेबसाइटवर माहिती नसेल तर? सरकारकडून भरीव निधी मिळणाऱ्या शिक्षणसंस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात दिला. त्यामुळे अनुदानित कॉलेजकडे साधा अर्ज करून सीडीसीची इतिवृत्तं मागता येतात.

आणि तुम्ही मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असाल तर नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव नोंदवा. सिनेटच्या १० जागांसाठी मत देण्याचा हक्क त्यातून मिळतो.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. त्यानंतर नालासोपारा, विरार, नायगावमध्ये इमारतींची किती भर पडली, ते रोज डोळ्यांसमोर आहे. एवढ्या शहरातली हजारो मुलं ज्या कॉलेजांमध्ये शिकतात, तिथले पंधरा जण वर्षातून चारदा बसतात का, तिथे वर्गात शिकवणारी माणसं मोकळेपणाने बोलतात का आणि त्यांचं बोलणं कागदावर येतं का, यावर पदवीचा दर्जा अवलंबून असतो. पुढच्या वेळी कॉलेजची वेबसाइट उघडलीत की कट-ऑफच्या यादीसोबत सीडीसीचं पानही एकदा उघडून बघा. पान नसेल, तर ते का नाही हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.